कौसाबाईंचं आजोळ

नव्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो आडनावाचा. आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की पाव्हणे, आणि पाव्हण्यांवरून पुढचं काय ते न विचारताच कळतं. मी बदली होऊन कळंब तालुक्यातल्या या शाळेत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी हेच विचारलं, सरपंचांनी हेच विचारलं आणि शाळेसमोरच्या टपरीवाल्यानंसुद्धा हेच विचारलं. मी तिघांनाही तुटक उत्तरं दिली. स्कूटी येरमाळ्याच्या पुढे पंक्चर झाली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुपारी खिचडीचं ताट माझ्यापुढे ठेवून स्वयंपाकीणबाई समोरच उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या आईचं म्हायेर कुठलं?"

मी म्हटलं, "नळदुर्गकडचं."

"आन तिच्या आईचं?"

"अणदूर असावं."

"आन तिच्या आईचं?"

आता मात्र माझी गाडी अडली. तुळजापूरच्या आमच्या घरात वडिलांकडच्या सहा-सात पिढ्या मला पाठ होत्या, आणि आईकडची तिसरी बाई कुठली होती हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. माहीत नसलं की मला राग येतो, तसा आला. "तुम्हाला कशाला हव्यात या चौकशा?" मी म्हटलं. त्या मुळीच रागावल्या नाहीत. "असंच. कुणालाच ठावं नसतंय बगा," म्हणाल्या आणि माझ्या ताटात लोणच्याची फोड वाढून उठल्या.

त्या कौसाबाई. पोरं त्यांना कौसाआजी म्हणत, गाव कौसाबाई म्हणे, आणि मुख्याध्यापक नुसतंच 'अहो' म्हणत, कारण ते त्यांना जरा दबकून असत. अंगानं उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की चौथीच्या वर्गातली भांडणं स्वयंपाकघरातून मिटायची. तांदळात खडे निघाले की तांदूळ पाठवणाऱ्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार व्हायचा. पण नवं बाईमाणूस दिसलं की आवाज खाली यायचा आणि तोच प्रश्न निघायचा. नर्स असो, बचतगटाची बाई असो, बांगड्या घेऊन आलेली कासारीण असो; आईचं माहेर कुठलं, तिच्या आईचं कुठलं. विचारताना त्यांची नजर समोरच्या बाईच्या हातांवर असायची. कासारीण एकदा वैतागली. "मावशी, बांगड्या भरायच्यात का सोयरीक करायचीय?" तर म्हणाल्या, "सोयरीकच हाय माय. पर कुठं हाय, त्ये घावंना."

हे काय प्रकरण आहे ते मला त्यांनीच सांगितलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, त्या डाळ निवडत होत्या आणि मी उगाच बसले होते. कौसाबाईंची आई येरमाळ्याच्या यात्रेत सापडली होती. चैत्रात येडाईची यात्रा भरते, लोक रानातले चुनखडीचे खडे वेचतात, त्या रानात एक चार-पाच वर्षांची पोर रडत बसलेली होती. यात्रा उठली, गाड्या गेल्या, पोर तिथंच. बोलायची, पण तिचं बोलणं कुणाला कळेना. तेलाचा घाणा असलेलं एक लिंगायत घर होतं, त्यांची बोली घरात कानडी, बाहेर मराठी. त्यांनी कानडीत विचारून बघितलं, तेही तिला कळलं नाही. शेवटी त्यांनीच तिला घरी नेलं. येडाईच्या यात्रेत सापडली म्हणून नाव येडाबाई. वर्षा-दोन वर्षांत ती मराठी बोलायला लागली आणि आपली बोली पार विसरून गेली.

"घाणेवाले चांगले व्हते," कौसाबाई म्हणाल्या. "पोटभर घातलं, लुगडी दिली, लगीन लावलं. पर गळ्यात लिंग बांदलं न्हाय. कुणाची पोर ठावं न्हाय, मग कसं बांदणार? त्येंचं बी बरोबरच हाय म्हणा." येडाबाईचं लग्न एका बिजवराशी झालं. तिला दोन मुली झाल्या. धाकटी गोवरात गेली, थोरल्या त्या कौसाबाई.

आईच्या दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या होत्या. कौसाबाईंच्याही तशाच आहेत हे त्यांनी मला हात पुढे करून दाखवलं. म्हणून बायकांच्या हातांकडे बघायचं. कुठंतरी तशी करंगळी दिसेल, आणि त्या बाईला विचारावं, तुमच्यातली एखादी पोर कधी हरवली होती का. दर चैत्रात त्या येरमाळ्याला जायच्या, देवीचं दर्शन झटकन उरकायच्या आणि वाटेकडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे हात बघायच्या. मी म्हटलं, "कौसाबाई, करंगळ्या काय शंभर जणींच्या वाकड्या असतील." त्या म्हणाल्या, "असू द्यात की. त्यातली एक माझी."

आजोळ नसणं म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकले. आपल्याला ते असतं म्हणून कळत नाही. "मे महिन्यात गाव रिकामं व्हायचं," त्या सांगायच्या. "समद्या पोरी आजोळी जायच्या. मी आन देवळाम्होरली कुत्री, एवढीच मागं ऱ्हायचो." लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. कौसाबाईंच्या लग्नात घाण्यावरचा मानलेला मामा उभा राहणार होता. अंतरपाट धरायच्या वेळेला त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि तो बैलगाडीखाली जाऊन झोपला. मग गुरवाला धरून आणलं. "गुरव बिचारा माझ्या मागं उबा. त्येचं समदं ध्यान नारळाकडं," हे सांगताना त्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. म्हणायच्या, "बापाचं नाव जल्मापास्नं मरूस्तर कागदावर लागतंय बाई. आईचं म्हायेर नुसतं पोटात ऱ्हातंय."

त्यांचा नवरा मी येण्याआधीच गेला होता. दोन मुलगे पुण्याकडे कंपनीत, आणि एक मुलगी, मंदा. सगळा जीव मंदात. मंदा लहानखुरी, आईसारखी बोलकी नाही, पण हसली की करंगळी ओठांवर ठेवायची, आणि ती करंगळी आईसारखीच वळलेली. तिला दिलं होतं ऊसतोड करणाऱ्या घरात. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, ती कधी कोल्हापूरकडे, कधी खाली कर्नाटकात, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. तिचे दोन मुलगे तेवढे महिने आजीजवळ. आमच्याच शाळेत होते. अभ्यासात यथातथा, खिचडीला पहिले.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायकोनं खाडा केला तर नवऱ्याचाही दिवस बुडतो, म्हणून बाईला दुखणं परवडत नाही. उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. मग पोट धरून बसायची पाळी येते, मग डॉक्टर, आणि मग डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. टोळीतल्या बऱ्याच बायकांच्या काढलेल्या. मंदाचं दुसऱ्या बाळंतपणापासून दुखायचं, ते फार वाढलं म्हणून ती आली, आणि कौसाबाई तिला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेल्या. मला कळलं ते सगळं झाल्यावर. त्या दिवशी त्यांनी खिचडीत शेंगदाणे मूठभर जास्त टाकले होते. मी विचारलं, आज काय विशेष? तर म्हणाल्या, "मंदीची पिशवी काढली. दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम हाय? कटकट गेली."

मी ताट बाजूला सारलं. "अहो, पोरीचं वय काय? पंचवीस तरी आहे का?"

"वय कशाला बगता बाई? डॉक्टर म्हणला, ठिवली तर क्यान्सर हुईल. म्या म्हणलं, काडा मग. माझी पोरगी मोकळी झाली."

त्या खरोखर खूश होत्या. लेकीला आपण एका जाचातून सोडवलं असं त्यांना वाटत होतं, आणि त्या वेळी त्यांना तसं वाटू नये असं मला तरी काय सांगता येणार होतं. मी चिडचिड करत वर्गावर गेले आणि पोरांवर ओरडले.

पुढच्या वर्षी पुण्याहून काही संशोधक आले. लोकांच्या थुंकीवरून त्यांचे पूर्वज कुठून आले ते शोधत होते, आणि आमची शाळा त्यांना बसायला दिली होती. प्रमुख होती अनुजा नावाची एक तरुण मुलगी, पायात बूट, डोक्याला स्कार्फ. सरपंचांनी गावातले 'मूळचे' म्हणून दहा-बारा पुरुष धुतलेल्या सदऱ्यांत आणून बसवले. अर्ध्यांच्या तोंडात तंबाखू. थुंकीच्या आधी तोंड स्वच्छ पाहिजे म्हटल्यावर शाळेच्या नळाला रांग लागली. अनुजा म्हणाली, बायकाही हव्यात, वयस्कर. सरपंच म्हणाले, "म्याडम, बाया समद्या भायेरच्या. लगीन हून आलेल्या. मूळची एक बी न्हाय." अनुजा म्हणाली, "आणि तुम्ही सगळे जन्मलात कुणाच्या पोटी? आम्ही आईकडची ओळ शोधतोय काका. त्या हिशोबानं तुम्हीसुद्धा बाहेरचेच." सगळे हसले. सरपंच हसले नाहीत.

आईकडची ओळ हे शब्द कौसाबाईंनी शेगडीपाशी ऐकले. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. "थुक्यातनं काय कळतंय?"

"तुमची आई, तिची आई, तिची आई, असं मागं मागं जाता येतं, आजी."

"गाव कळंल का?"

अनुजा नव्या उत्साहाची होती. ती म्हणाली, "बघू या की." तिनं ते म्हणायला नको होतं. कौसाबाईंनी तोंड तीनदा धुतलं, खुर्चीवर ताठ बसल्या आणि देवाला वाहावं तसं जपून त्या नळीत थुंकल्या. त्या दिवसापासून माझ्यामागे एकच टुमणं लागलं. "बाई, आलं का काई पुण्याहून?" मी फोन लावायची, अनुजा म्हणायची काम चालू आहे. त्या चैत्रात कौसाबाई यात्रेला गेल्याच नाहीत. म्हणाल्या, "आता कशाला हात बगत बसायचं? म्याडम सांगणारच हायत."

अनुजा पुढच्या हिवाळ्यात आली. तुळजापूरला दर्शनाला चालली होती, वाट वाकडी करून मुद्दाम आली. टोळ्या गेलेल्या होत्या, मंदा कर्नाटकात होती. शाळा सुटल्यावर आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. अनुजा म्हणाली, "आजी, सगळ्यांत तुमचा नमुना वेगळा निघाला. तुमच्या आईकडची ओळ फार दुर्मीळ आहे." मग तिनं पेशी, पेशीतला आईकडूनच येणारा भाग, तो बापाकडून कसा येत नाही, असं सांगायला सुरुवात केली. मी शाळेत विज्ञान शिकवते, मलाच नीट कळेना. कौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी इरजनावानी. दूध कुणाच्या बी म्हशीचं असंना का, इरजन त्याच घरचं. लेक सासरी जाताना गडव्यात घिऊन जाती." अनुजा हसली. म्हणाली, "अगदी तसंच."

मग तिनं सांगितलं. फार मागे, गावं नव्हती, शेती नव्हती, तेव्हा कुठल्यातरी एका बाईपासून ही ओळ सुरू झाली. तिच्या लेकी-नातींपैकी काही समुद्राच्या काठाकाठानं पुढे गेल्या, काही डोंगरात राहिल्या. बहुतेक ठिकाणी ती मधेच थांबली. कुणाला मुलगेच झाले, कुणाच्या मुली जगल्या नाहीत. आता खाली दक्षिणेत, घाटातल्या एका लहानशा जमातीत ती दिसते, आणि पार समुद्रापलीकडच्या बेटांवर थोड्या लोकांत. मधल्या मुलखात आतापर्यंत त्यांना कुणीच सापडलं नव्हतं. फक्त कौसाबाई.

"गाव?" कौसाबाईंनी विचारलं.

"गाव नाही सांगता येत, आजी. हे हजारो वर्षांचं आहे."

"त्या घाटात यष्टी जाती का?"

"जाते. पण तिथले लोक तुमच्या आईचे लोक असतीलच असं नाही. खूप जुनं नातं आहे हे."

"मग माझी आई हरवली व्हती, का तिला टाकलं व्हतं?"

अनुजानं माझ्याकडे बघितलं. हजारो वर्षांपूर्वीच्या बायका कुठल्या वाटेनं चालत गेल्या हे तिला कळलं होतं, आणि येरमाळ्याच्या रानात एका पोरीचा हात कुणी सोडला हे कळायला काही मार्ग नव्हता. तिनं तसं सांगितलं. मला वाटलं, आता बाई कोसळणार. पण कौसाबाई थोडा वेळ आपल्या करंगळ्यांकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "असू द्या. हायत ना कुठं तरी? हायत म्हंजी झालं. लई मोठं निघालं की माझं आजोळ." त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "बसा म्याडम, शिरा करते," म्हणून त्या उठल्या, कढई ठेवली आणि रवा भाजायला घेतला.

रवा भाजताना त्या बोलत होत्या. एवढ्या बाया पाठोपाठ आल्या, कुठं नदी असंल, कुठं जनावर असंल, कडेवर लेक घेऊन आल्या असतील. तेव्हा अनुजानं अगदी सहज विचारलं, "आजी, तुम्हाला मुलगी आहे ना?"

"हाय की. मंदा."

"तिला मुली?"

"दोन लेकं हायत. दोन्ही हितंच शिकत्यात."

"मुलांमध्येही हे येतं, पण त्यांच्याकडून पुढे जात नाही. फक्त लेकीकडून लेकीला. मंदाताई अजून तरुण असतील ना? होईल की मुलगी."

उलथणं थांबलं. मी अनुजाला खूण करायला हात वर केला, पण उशीर झाला होता. कौसाबाई कढईकडे बघत म्हणाल्या, "तिची पिशवी काडलीय."

त्यांनी उलथणं कढईच्या काठावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी तिच्यापशी संपलं?"

अनुजा खोटं बोलू शकली असती. तशी मुलगी नव्हती ती. ती हळूच म्हणाली, "इथलं तरी, हो."

"म्याच नेलं व्हतं तिला," कौसाबाई म्हणाल्या. रव्याचा करपलेला वास आला. मी उठून गॅस बंद केला.

त्यानंतरच्या कौसाबाई मला आठवू नयेत असं वाटतं, आणि त्याच जास्त आठवतात. खिचडी वेळेवर व्हायची, पण स्वयंपाकघरातून आवाज यायचा नाही. तांदळात खडे निघाले तर मुकाट्यानं वेचायच्या. शाळेत नवीन बाई रुजू झाल्या, त्यांना कौसाबाईंनी ताट दिलं आणि आत निघून गेल्या. मी एकदा समजूत घालायला गेले. म्हटलं, "तुमचा काय दोष? डॉक्टरनं भीती घातली, टोळीनं घाई केली." त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं इचारलं कुणाला? मला. बाकड्यावर बसल्याले व्हते, म्हणलं काडा. एवढ्या बायांनी पार कुठून कुठून आणल्यालं, आन म्या बसल्या जागी व्हय म्हणले." मग मला बजावलं, "मंदीला सांगू नका. तिला वाटंल, मायनं संपिवलं."

पाडव्याला मंदा आली, उन्हाळाभर राहिली. कौसाबाई तिच्याकडे बघत बसायच्या, तिच्या केसांना तेल लावायच्या, पण बोलायच्या काही नाहीत. मंदा मला विचारायची, "बाई, मायला काय झालंय? खात न्हाय, भांडत न्हाय." मी म्हणायची, वय झालं. मला त्या डॉक्टरचा राग यायचा, टोळीच्या मुकादमाचा यायचा, दोन लेकरं झाली आता काय काम म्हणणाऱ्या सगळ्या जगाचा यायचा. राग येऊन काय होतं? दिवाळीनंतर टोळी निघाली, मंदा गेली, आणि संक्रांतीच्या पुढे कौसाबाईंनी अंथरूण धरलं. पोटात पाणी झालं होतं. मुलांनी त्यांना धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं.

मी सुट्टीच्या दिवशी भेटायला गेले तेव्हा मंदा नुकतीच पोचली होती. फडावरून तशीच आली होती, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, पायात दोन वेगळ्या चपला. दुपारची वेळ, वॉर्डात पंखा घरघरत होता. कौसाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा बाई. तुमाला ठावंच हाय."

आणि त्यांनी मंदाला सगळं सांगितलं. थुंकी, पुण्याची म्याडम, समुद्रापलीकडच्या बायका, लेकीकडून लेकीला जाणारं ते विरजण. श्वास लागायचा, थांबायच्या, पुन्हा सांगायच्या. "आन तुझ्यापशी त्ये थांबलं, मंदे. तुझी पिशवी म्या काडाया लावली. माझ्या आईचं एवढंच व्हतं माझ्यापशी, त्ये म्या संपिवलं. तुझंबी काय तरी म्या घालिवलं."

मंदानं सगळं ऐकून घेतलं. आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि हसली. "तू बी काय माय, एवढं मनाला लावून बसलीस? डॉक्टरला म्याच आदुगर सांगितलं व्हतं, काडा म्हणून. तुला नुसतं म्होरं केलं. मला पोरगी नकोच व्हती."

"नको व्हती?"

"काय करायची? फडावर पाचटाच्या कोपीत वाडवायची, न्हाती झाली की उजवायची, आन तिच्या बी हातात कोयता. बरं झालं थांबलं त्ये. माझ्यापशीच थांबू दे."

"खरं म्हणतीस?"

"येडाईची आन हाय."

कौसाबाई बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मग तुझ्या मर्जीनं झालं म्हणायचं." त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी कितीतरी दिवसांनी वाटीभर पेज मागून घेतली. मला मंदाचं नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा सुटल्यासारखा श्वासही मी घेतला. पोरगी शहाणी निघाली, तिनं विचार करून ठरवलं होतं, असं मनाशी म्हणत मी कळंबला परत आले. चार-सहा दिवसांत कौसाबाई गेल्या. शेवटी शांत होत्या असं मुलगे सांगत होते.

दहावा झाला तशी मंदा निघाली. टोळी थांबत नाही, आणि तिचा नवरा तिच्याशिवाय अर्धाच कोयता. मुलं मामाकडे पुण्याला जाणार असं ठरलं होतं. मी तिला स्कूटीवरून येरमाळ्याच्या फाट्यावर सोडलं. सकाळचं ऊन होतं, गाडीला वेळ होता, आम्ही हॉटेलच्या बाकड्यावर बसलो. मी चहा सांगितला. मी तिला म्हटलं, "बरं केलंस गं, आईला खरं सांगितलंस ते. सुटली बिचारी."

मंदानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. म्हणाली, "खोटं बोलले बाई."

मी कप खाली ठेवला. ती डोंगराकडे, देवीच्या देवळाच्या बाजूला बघत होती. "पैल्या टायमाला बी मला पोरगीच पायजे व्हती, दुसऱ्या बी. वाटायचं, तिसरी तरी हुईल. दवाखान्यात डॉक्टरला इचारलं, काडल्यावर पुन्हा लेकरू व्हतंय का? त्यो माझ्याकडं बगंना. मायकडं बगून म्हणला, सही कोण करणार?"

"अगं, मग देवीची आण कशाला घेतलीस? पदरात दोन पोरं आहेत तुझ्या."

"मग मायला तसंच मरू द्यायचं व्हतं का?"

तिचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही. गाडी वळणावर दिसली तशी ती उठली, बोचकं उचललं. "नाव बी काडून ठिवलं व्हतं म्या तिचं," ती म्हणाली.

मी विचारलं, "काय गं?"

"ऱ्हाऊ द्या बाई. कुणाला ठिवायचंय त्ये आता."